जीववितरण, अधिवासातील

एखाद्या अधिवासातील वनस्पती व प्राणी तेथे नेमके कोठे, किती संख्येने व परस्परांपासून किती अंतरावर आढळतात, यास त्यांचे अधिवासातील वितरण म्हणतात. अधिवास म्हणजे जीवाचे राहण्याचे नैसर्गिक ठिकाण, उदा., खडकाळ समुद्रकिनारा, गवताळ माळ, तळे, वनातील पालापाचोळा, झाडाची साल इत्यादी. जीवांच्या पृथ्वीवरील प्रसाराचा विचार जीवभूगोलात केला जातो. येथे विचारात घ्यावयाची अंतरे त्यामानाने लहान, म्हणजे काही सेंमी. पासून काही किमी. पर्यंतची असतात. हा परिस्थितिविज्ञानाचा एक मूलभूत विषय आहे. वितरणाच्या अभ्यासात तीन प्रश्नांची उत्तरे क्रमाने शोधावी लागतात : जीव किती आहेत, ते कसे विखुरलेले आहेत आणि ते तसेच का विखुरलेले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे योग्य रीतीने घेतलेल्या नमुन्यांवरून मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मिळण्यास बहुधा प्रयोग करावा लागतो.

वितरणाचे प्रकार : एका पातळीवरील वितरणाचे तीन प्रमुख प्रकार मानतात. (१) यादृच्छिक वितरण : यात एका व्यक्तीच्या स्थानाचा दुसरीच्या स्थानाशी काही संबंध नसतो व कोणत्याही जागी जीव सापडण्याची शक्यता सारखीच असते. परिस्थिती सर्वत्र सारखी असून जीवांमध्ये परस्परांविषयी आकर्षण वा प्रतिकर्षण नसेल, तरच असे वितरण संभवते. त्यामुळे निसर्गात ते क्वचित आढळते. (२) एकसमान वितरण : यात व्यक्तींमधील अंतरे जवळजवळ सारखी असतात. दाटीने घरटी करणारे समुद्रपक्षी शेजाऱ्याची चोच पोहोचणार नाही इतके अंतर राखतात, त्यामुळे त्यांची घरटी अशी विखुरलेली दिसतात. आंब्याच्या बागेत ठराविक अंतरावर लावलेली कलमे हे याचे मानवनिर्मित उदाहरण होय. (३) पुंजित वितरण : यात जीव ठिकठिकाणी गटागटाने राहतात व मधली जागा रिकामी किंवा विरळ असते. निसर्गात हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो. बी मातृवृक्षाजवळच पडणे, भूमिगत खोडापासून नवे कोंब फुटणे (उदा., बांबूची बेटे), ओलावा किंवा अन्न काही ठिकाणीच असणे, प्राण्यांची कळप करून राहण्याची प्रवृत्ती इ. कारणांनी पुंज निर्माण होतात.

परिस्थिती एका दिशेने क्रमाक्रमाने बदलत असल्यास जीवांचे पट्टे पडतात. भरती-ओहोटीच्या रेषांमधील खडक, खाडीकाठची कच्छ वनश्री, डोंगरउतार व तळ्याचा काठ येथे असे पट्टे स्पष्ट दिसतात. पाण्याची खोली, मातीचे थर किंवा वनातील उंचीचे स्तर यांनुसार होणाऱ्या वितरणास उभे वितरण म्हणतात.

नमुना घेण्याची तत्त्वे : अधिवासातील प्रत्येक जीव मोजणे बहुधा अशक्य असते, म्हणून त्याचा काही भाग तपासून संपूर्ण अधिवासाविषयी अनुमान काढतात. हे अनुमान विश्वसनीय व्हावयाचे, तर नमुन्याची जागा निरीक्षकाच्या आवडीनिवडीवर सोडून चालत नाही. दाट फुललेला, पोहोचण्यास सोपा किंवा ‘प्रातिनिधिक’ वाटणारा भाग निवडला, तर संख्या जवळजवळ नेहमीच फुगते. डोळे मिटून चौकट भिरकावण्याची रूढ रीतही खऱ्या अर्थाने यादृच्छिक नाही. कारण ती फेकणाऱ्याच्या ताकदीवर व तो कोठे उभा आहे यावर अवलंबून असते. त्याऐवजी अधिवासाच्या दोन बाजूंवर मोजपट्ट्या अंथरून त्यांना काटकोनी अक्ष मानतात व यादृच्छिक संख्यांच्या कोष्टकातून प्रत्येक नमुन्याचे दोन निर्देशांक काढतात. अधिवासात उघडच भिन्न असे भाग (उदा., सावली व ऊन) असल्यास प्रत्येक भागातून स्वतंत्रपणे नमुने घेतात, यास स्तरित नमुना म्हणतात. परिस्थितीतील क्रमिक बदल अभ्यासावयाचा असेल, तेव्हा मात्र ठराविक अंतरावर घेतलेले पद्धतशीर नमुने अधिक उपयुक्त ठरतात.

नमुने किती घ्यावेत, हे ठरविण्यासाठी नमुन्यांची संख्या वाढवीत जाऊन आतापर्यंतचे माध्य किंवा आढळलेल्या जातींची एकूण संख्या आलेखावर मांडतात. वक्र सपाट होऊ लागला, म्हणजे आणखी नमुन्यांनी फारशी नवी माहिती मिळणार नाही असे समजतात.

चौकट पद्धती : ठराविक क्षेत्रफळाची चौकट जमिनीवर ठेवून तिच्यातील जीव मोजण्याची ही पद्धत आहे. या चौकटीस क्वाड्रॅट असेही म्हणतात. अमेरिकेतील नेब्रॅस्का राज्याच्या गवताळ प्रदेशाचे सर्वेक्षण करताना रॉस्को पाउंड व फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १८९८ मध्ये तिचा पद्धतशीर वापर वर्णन केला. त्यापूर्वी वनस्पतींचे प्रमाण ‘विपुल’, ‘विरळ’ अशा शब्दांनी नजर-अंदाजाने सांगण्याची प्रथा होती. प्रत्यक्ष मोजणीमुळे दोन स्थळांची किंवा दोन वर्षांची तुलना करणे शक्य झाले. चौकटीचा आकार अभ्यासविषयावर अवलंबून असतो : खडकावरील बार्नॅकलांसाठी काही सेंमी. बाजूची, गवत व लहान ओषधींसाठी ०·५ ते १ मी. बाजूची, तर वृक्षांसाठी १० ते २० मी. बाजूची चौकट सामान्यतः वापरतात.

चौकटीवरून तीन राशी मिळतात. एकक क्षेत्रातील व्यक्तींच्या सरासरी संख्येस घनता म्हणतात. एकूण चौकटींपैकी शेकडा किती चौकटींत ती जाती आढळली, या प्रमाणास वारंवारता म्हणतात. डॅनिश वनस्पतिवैज्ञानिक सी. राउंकीअर यांनी या राशीस विशेष महत्त्व दिले. वनस्पतीने झाकलेल्या जमिनीच्या शेकडा प्रमाणास आच्छादन म्हणतात. एकेक व्यक्ती वेगळी ओळखता येत नाही अशा गवत, शेवाळ किंवा दगडफूल यांसाठी आच्छादन हेच सोयीचे माप होय. ते झटपट नोंदविण्यासाठी झ. ब्राउन-ब्लांके यांची श्रेणी प्रचारात आहे. तीत ७५ टक्क्यांहून अधिक आच्छादनास ५ व ५ टक्क्यांहून कमी आच्छादनास १ असे अंक देतात.

केवळ घनतेवरून वितरण कळत नाही, हे पुढील काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. प्रत्येकी १ चौ. मी. च्या दहा चौकटींत ‘क’ या वनस्पतीची संख्या अनुक्रमे ०, ०, १२, १, ०, ९, १४, ०, ३, १ व ‘ख’ ची ४, ३, ५, ४, ४, ४, ३, ५, ४, ४ अशी आढळली. दोन्हींची एकूण संख्या ४० व घनता दर चौ. मी. ला ४ आहे. पण ‘क’ ची वारंवारता ६० टक्के, तर ‘ख’ ची १०० टक्के आहे. संख्यांच्या विचरणास त्यांच्या माध्याने भागल्यास ‘क’ साठी ७·६ व ‘ख’ साठी ०·११ हे गुणोत्तर येते. वितरण यादृच्छिक असता हे गुणोत्तर १ च्या आसपास असते. ते १ पेक्षा बरेच अधिक असल्यास वितरण पुंजित व बरेच कमी असल्यास एकसमान ठरते. दहा चौकटींच्या नमुन्यात ते केवळ योगायोगाने सु. ०·३ ते २·१ यांच्या दरम्यान कोठेही येऊ शकते, म्हणून या मर्यादांबाहेरील गुणोत्तरच अर्थपूर्ण समजतात.

हा निष्कर्ष चौकटीच्या आकारमानावरही अवलंबून असतो. पुंजाहून फार लहान चौकटीत एखादीच व्यक्ती येते व पुंज लक्षात येत नाही. अनेक पुंज सामावणाऱ्या मोठ्या चौकटीत त्यांची सरासरी होऊन ते पुन्हा झाकले जातात. ही अडचण लक्षात घेऊन पी. ग्रेग-स्मिथ यांनी १९५२ मध्ये परस्परांना लागून असलेल्या चौकटींची जाळी वापरण्याची पद्धत मांडली. शेजारच्या चौकटी दोन, चार, आठ अशा क्रमाने एकत्र करून प्रत्येक टप्प्यावरील विचरण पाहिले, म्हणजे ज्या आकारमानाला ते सर्वाधिक होते, ते पुंजांचे आकारमान दर्शविते. एकाच वनस्पतीचे लहान पुंज मोठ्या पुंजांत सामावलेले असल्यास तेही या रीतीने उघड होतात.

छेद पद्धती : परिस्थिती ज्या दिशेने बदलते त्या दिशेस दोरी ताणून तिच्या अनुरोधाने नोंदी घेतात. दोरीला स्पर्श करणारे जीवच नोंदविल्यास त्यास रेषाछेद व दोरीलगत ठराविक रुंदीच्या पट्ट्यातील सर्व जीव मोजल्यास त्यास पट्टाछेद म्हणतात. प्रत्येक स्थानी उंची, उतार, मातीची खोली व ओलावा, प्रकाश, तापमान, क्षारता इ. घटक मोजून ते जीवसंख्येच्या आलेखाखाली मांडतात. त्यामुळे जीवांमधील बदल व परिस्थितीतील बदल एकत्र वाचता येतात.

सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर या पद्धतीची उपयुक्तता चांगली दिसून येते. या जांभ्या दगडाच्या पठारावर मातीचा थर अत्यंत पातळ असून काही मी. अंतरातच अधिवास बदलतो. उघड्या कातळावर दगडफूल व शेवाळी, पावसाळ्यात पाणी झिरपणाऱ्या उथळ मातीत सीतेची आसवे व गेंद, पाणी साचणाऱ्या सखल जागी वायतुरा, थोड्या खोल मातीत गवते आणि कडेच्या उतारांवर कारवी, असा स्थूल क्रम आढळतो. यांपैकी पुष्कळ ओषधींचे जीवनचक्र पावसाळ्यातील थोड्या आठवड्यांत पूर्ण होते. त्यामुळे उन्हाळ्यात घेतलेल्या छेदात हेच पठार जवळजवळ ओसाड दिसते. कोकणातील सड्यांच्या बाबतीतही तसेच घडते. महसुली नोंदीत ‘पडीक’ ठरलेल्या अशा जागेचे जैव मूल्य ठरविताना सर्वेक्षणाचा ऋतू हाच निर्णायक मुद्दा असतो. पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांच्या समूहात कासचा समावेश २०१२ मध्ये झाला.

कोकणातील खाड्यांच्या काठीही छेद पद्धती उपयोगी पडते. तेथे चिप्पी, तिवर, कांदळ इ. झाडांचे प्रमाण पाण्याची क्षारता, गाळाचे स्वरूप व भरतीचे पाणी किती वेळ राहते यांनुसार बदलत जाते.

अंतर पद्धती : वृक्षांसारख्या मोठ्या व विरळ जीवांसाठी चौकट आखणे कष्टाचे असते. अशा वेळी यादृच्छिक बिंदूपासून वृक्षापर्यंतचे किंवा एका व्यक्तीपासून तिच्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्यापर्यंतचे अंतर मोजतात. जी. कॉटम व जे. टी. कर्टिस यांनी १९५६ मध्ये पुरस्कारलेल्या पद्धतीत बिंदूभोवतालच्या क्षेत्राचे चार चतुर्थांश करून प्रत्येकातील सर्वांत जवळचा वृक्ष मोजतात. पी. जे. क्लार्क व एफ. सी. एव्हान्स यांनी १९५४ मध्ये दाखविले की, यादृच्छिक वितरणात शेजाऱ्यापर्यंतचे अपेक्षित सरासरी अंतर हे घनतेच्या वर्गमुळाच्या दुपटीने १ ला भागून मिळते. उदा., दर चौ. मी. ला ४ वनस्पती असतील, तर हे अंतर २५ सेंमी. येते. प्रत्यक्ष सरासरी याहून बरीच कमी असल्यास वितरण पुंजित व बरीच अधिक असल्यास एकसमान समजतात.

फिरत्या प्राण्यांचे वितरण : प्राणी हालचाल करतात, लपतात व निरीक्षकास पाहून दूर जातात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या पद्धती लागतात. पालापाचोळ्यातील सूक्ष्म कीटक दिव्याच्या उष्णतेने चाळणीतून खाली उतरवून गोळा करतात, जमिनीवर फिरणारे कीटक मातीत पुरलेल्या पेल्यांत पकडतात, तर गवतातील कीटक जाळी फिरवून मिळवितात. चिन्हांकन व पुनर्ग्रहण पद्धतीत काही प्राणी पकडून, खूण करून सोडतात व काही काळाने पुन्हा प्राणी पकडतात. समजा, ६० प्राण्यांना खुणा केल्या व दुसऱ्या वेळी पकडलेल्या ५० पैकी १५ खुणेचे निघाले, तर एकूण संख्या ६० × ५० ÷ १५ म्हणजे २०० असावी असे अनुमान निघते. मधल्या काळात जन्म, मृत्यू वा स्थलांतर झालेले नाही, खुणेचे प्राणी इतरांत पूर्णपणे मिसळले आहेत व खुणेमुळे ते पकडले जाण्याची शक्यता बदललेली नाही, ही गृहीतके येथे पाळली जावी लागतात. हरिणे, पक्षी इत्यादींची गणना ठराविक मार्गाने चालत जाऊन करतात. मार्गापासून जसजसे दूर जावे, तसतसे अधिक प्राणी नजरेतून सुटतात. म्हणून प्रत्येक प्राण्याचे मार्गापासूनचे अंतर नोंदवून न दिसलेल्यांचे प्रमाण गणिताने काढतात.

न दिसलेल्या प्राण्यांचा असा हिशोब न ठेवल्यास काय घडते, हे भारतातील वाघांच्या गणनेवरून दिसून येते. १९७२ च्या देशव्यापी गणनेत पावलांच्या ठशांवरून १,८२७ वाघ मोजले गेले व पुढे सु. तीस वर्षे हीच पद्धत चालू राहिली. प्रत्येक ठसा अनुभवी नजरेने विशिष्ट वाघाचा म्हणून ओळखता येतो व एकही वाघ सुटत नाही, या दोन्ही गृहीतकांची पारख झालेली नव्हती. एकाच वाघाचा ठसा मातीचा ओलावा, उतार व चाल यांनुसार बदलतो. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदोपत्री वाघ दाखविले जात असताना तेथे एकही वाघ उरलेला नाही, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. तेथे २००८ मध्ये रणथंभोरहून वाघ आणून पुन्हा सोडावे लागले. त्यानंतर ठशांची पद्धत बाजूस पडली. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना प्रत्येकाची निराळी असल्याने स्वयंचलित कॅमेऱ्याचे छायाचित्र हीच खूण मानून पुनर्ग्रहणाचे गणित वापरता येते. ही पद्धत के. उल्हास कारंत यांनी १९९० नंतरच्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे वापरून दाखविली होती. नव्या पद्धतीच्या २००६ च्या गणनेत १,४११, तर २०२२ च्या गणनेत सरासरी ३,६८२ वाघांचे अनुमान निघाले. दुसऱ्या अनुमानाबरोबर ३,१६७ ते ३,९२५ अशा मर्यादाही दिलेल्या आहेत. अनुमानाबरोबर त्याची अनिश्चितता सांगणे हे त्याच्या दुबळेपणाचे नव्हे, तर शास्त्रीयतेचे लक्षण होय.

वितरणाची कारणमीमांसा : जीवसंख्या व एखादा भौतिक घटक एकाच दिशेने बदलताना दिसले, म्हणून तो घटक वितरणाचे कारण ठरत नाही. याचे अभिजात उदाहरण जे. एच. कॉनेल यांनी स्कॉटलंडमधील मिलपोर्ट येथे बार्नॅकलांवर केलेल्या व १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मिळते. तेथील खडकावर थॅमॅलस ही लहान जाती भरतीरेषेजवळच्या वरच्या पट्ट्यात व बॅलॅनस ही मोठी जाती खालच्या पट्ट्यात आढळते. दोन्हींच्या डिंभांची स्थाने मात्र बरीचशी एकमेकांत मिसळलेली असतात. थॅमॅलसला खालचे, अधिक काळ पाण्याखाली राहणारे खडक सोसत नसावेत, असा तर्क केवळ छेदावरून सहज करता आला असता. कॉनेल यांनी थॅमॅलस असलेले दगड खालच्या पट्ट्यात नेऊन ठेवले व प्रत्येक दगडाच्या अर्ध्या भागावरील बॅलॅनस खरवडून काढले. बॅलॅनस काढलेल्या भागावर थॅमॅलस खालच्या पट्ट्यातही चांगले जगले. दुसऱ्या भागावर मात्र वेगाने वाढणाऱ्या बॅलॅनसाने त्यांना झाकून, उचकटून किंवा चिरडून टाकले. यावरून थॅमॅलसची खालची सीमा स्पर्धेने ठरते, तर बॅलॅनसाची वरची सीमा मुख्यतः उष्णता व शुष्कता यांनी ठरते, हे सिद्ध झाले.

भक्षकांचा प्रभावही असाच प्रयोगाने उघड झाला. आर. टी. पेन यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील किनाऱ्याच्या एका भागातून १९६३ पासून पायसास्टर हा तारामीन सातत्याने काढून टाकला. तेथे शिंपल्यांनी जागा व्यापली व १५ जातींच्या समुदायात ८ जाती उरल्या. एखाद्या जागी जीव नसणे, याचा अर्थ तेथील परिस्थिती त्यास मानवत नाही असाच होत नाही. तो तेथे पोहोचला नसेल, स्पर्धेत हरला असेल, खाल्ला गेला असेल किंवा केवळ शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटला असेल. या चार शक्यता वेगळ्या करणे हे वितरणाच्या अभ्यासाचे मुख्य काम होय.

उपयोग : शेतातील किडींचे वितरण बहुधा पुंजित असल्याने बांधाजवळची काही झाडे तपासून फवारणीचा निर्णय घेणे चुकीचे ठरते, म्हणून शेताच्या सर्व भागांतून झाडे निवडण्याची शिफारस करतात. वनातील लाकडाचा साठा, माशांचे साठे, रोगवाहक डासांच्या पैदाशीची ठिकाणे व प्रदूषणाचा परिणाम यांची मापने याच तत्त्वांवर आधारलेली असतात. धरणे, रस्ते, खाणी इ. प्रकल्पांपूर्वी होणाऱ्या सर्वेक्षणांत ‘जाती आढळली नाही’ या विधानाचे मूल्य किती चौकटी, कोणत्या ऋतूत व कोणत्या रीतीने तपासल्या यावरून ठरते. ही माहिती नोंदविलेली नसेल, तर जीवांची अनुपस्थिती व निरीक्षणाचा अभाव यांत भेद करता येत नाही. उलट, जागा व पद्धत नेमकी नोंदविलेली असल्यास तेच निरीक्षण अनेक वर्षांनी त्याच ठिकाणी पुन्हा करता येते. हवामान व भूमीचा वापर बदलत असता अधिवासात झालेला फरक अशा तुलनेनेच निश्चितपणे मापता येतो.